जाहिरातपटातील प्रकाश

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला तेव्हा मी 'जाहिरातपटातील प्रकाश' असे सांगितले. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "मास्तर, नुसता 'प्रकाश' ठेवला तर नाही का चालणार?" त्यांची अडचण मला समजली. ज्या व्यासपीठावरून आजवर ज्ञानेश्वरीवर आणि सयाजीराव महाराजांच्या कारभारावर व्याख्याने झाली, तेथून साबण, चहा आणि केसांचे तेल यांच्याविषयी बोलायचे म्हणजे जरा विचित्रच. पण माझ्या वर्गातली मुले दिवसाकाठी जी चित्रे सर्वांत जास्त वेळा पाहतात ती जाहिरातींची असतात. तीस सेकंदांची जाहिरात म्हणजे आपल्याकडील दूरचित्रवाणीच्या हिशेबाने सेकंदाला २५ याप्रमाणे ७५० चित्रे. त्यांतले प्रत्येक चित्र कोणीतरी दिवा लावून, सावली पाहून, अंतर मोजून घेतलेले असते. हा मनुष्य म्हणजे छायालेखक. चित्रपटात त्याचे नाव निदान श्रेयनामावलीत येते. जाहिरातीत तेही येत नाही. तो काय करतो ते आधी सांगतो, आणि त्याने कोठे थांबावे याविषयी माझे जे मत आहे ते नंतर.

आमच्या घरी नानी साडी घ्यायला जात, तेव्हा दुकानदाराने गादीवर दिव्याखाली उलगडलेले वस्त्र त्या कधीच पसंत करीत नसत. साडी हातावर टाकून त्या दुकानाच्या दारात येत आणि म्हणत, "आता बोला." आपल्यातल्या किती तरी वडीलधाऱ्या बायकांची हीच रीत होती. दुकानातला दिवा माल खुलवण्यासाठी असतो आणि दारातला उजेड माल पारखण्यासाठी, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. घडियाळी पोळेतला सराफही हे जाणतो; सोन्यावर तो पिवळसर दिवा ठेवतो आणि हिऱ्यावर पांढरा. पिवळ्या दिव्याचा रंग सुमारे ३२०० केल्व्हिन आणि भर दुपारच्या उजेडाचा सुमारे ५६०० केल्व्हिन असे आम्ही शास्त्राच्या भाषेत म्हणतो, एवढाच फरक.

जाहिरातीचा चित्रपट ही कालपरवाची गोष्ट नाही. कलकत्त्याच्या हिरालाल सेन यांनी १९०३ च्या सुमारास जबाकुसुम तेलाची चलच्चित्र जाहिरात केली. आपल्या दादासाहेब फाळक्यांचे उदाहरण तर मला फारच आवडते. दादासाहेब आपल्या या बडोद्यातच कलाभवनात शिकले, छायाचित्रणाचे धडे त्यांनी येथेच घेतले. पुढे १९१२ साली त्यांना भांडवल हवे होते. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज कॅमेऱ्याने एक एक चित्र घेत त्याचा वेल होईपर्यंतचा चित्रपट तयार केला. महिन्याभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात झाली! ते पाहून यशवंतराव नाडकर्ण्यांसारख्या व्यापाऱ्याने पैसा देण्याची तयारी दाखवली. 'अंकुराची वाढ' हा शैक्षणिक चित्रपट म्हणून सांगितला जातो आणि तसा तो आहेच. पण माझ्या मते ती एका अद्याप न निघालेल्या मालाची जाहिरातही होती. आणि तीत खोटे काही नव्हते. वाटाणा खरोखरच उगवला होता.

आता दिव्याकडे वळू. शाळेत आम्ही प्रकाशाचे दोन नियम शिकवतो. एक, प्रकाश ज्या कोनात आरशावर पडतो त्याच कोनात परततो. दुसरा, दिव्यापासूनचे अंतर दुप्पट केले की उजेड चौथाईवर येतो. छायालेखकाचे निम्मे आयुष्य या दोन नियमांत जाते. तिसरा नियम मात्र आमच्या पाठ्यपुस्तकात नीट येत नाही, आणि तोच त्याच्या सर्वांत कामाचा : दिवा वस्तूच्या मानाने जितका मोठा, तितकी सावली मऊ. उघड्या बल्बखाली नाकाची सावली ओठांवर चाकूने कापल्यासारखी पडते. तोच बल्ब पांढऱ्या चादरीवर टाकला आणि चादरीवरून परतलेला उजेड चेहऱ्यावर येऊ दिला, तर चादरच दिवा होते. सहा हात लांबीच्या दिव्याची सावली कशी पडणार? पडते, पण विरघळून.

या चादरीला इतिहास आहे. 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी, १९१३ साली, सरस्वतीबाई फाळके पांढरी चादर धरून उन्हात तासन् तास उभ्या राहत असे सांगतात. सूर्याचा उजेड चादरीवर घ्यायचा आणि नटाच्या तोंडावर सोडायचा. त्यानंतर १९५६ साली 'अपराजितो' या बंगाली चित्रपटासाठी काशीच्या घराचा चौक कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारला होता. तेथे सुब्रत मित्र या तरुण छायालेखकाने चौकावर पांढरे कापड ताणले आणि सगळे दिवे खालून त्या कापडावर टाकले. वाड्याच्या चौकात वरून जसा उजेड उतरतो तसा उतरला. पाहणाऱ्याला तो स्टुडिओ वाटेना. आज जगभर ज्याला 'बाउन्स' म्हणतात त्याचे हे फार लवकरचे उदाहरण आहे. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक सत्यजित राय हे स्वतः १९४३ पासून एका जाहिरात कंपनीत चित्रकार होते, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसते.

पश्चिमेकडे श्याम बेनेगल यांनी 'अंकुर' हा पहिला चित्रपट १९७४ साली पुरा करण्याआधी शेकड्यांनी जाहिरातपट आणि माहितीपट केले होते. 'अंकुर'ला पैसा दिला तोही चित्रपटगृहांत जाहिराती दाखवण्याचा धंदा करणाऱ्या ब्लेझ या कंपनीने. छायालेखक होते गोविंद निहलानी. याच दोघांनी १९७६ साली आपल्या गुजरातेत 'मंथन' केला. त्याला पाच लाख दूधउत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते. आणि गंमत अशी की त्या चित्रपटातले गाणे पुढे आणंदच्या अमूलच्या जाहिरातीत वाजू लागले. तेव्हा जाहिरात आणि कला यांच्यामध्ये भिंत आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या भिंतीत दार किती मोठे आहे हेही पाहावे.

माझा एक जुना विद्यार्थी मुंबईस एका छायालेखकाचा साहाय्यक आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत त्याने मला दोन दिवस चित्रीकरण पाहावयास नेले. माल चहाचा होता. कोणाचा ते सांगण्याचे कारण नाही. मी समजत होतो की मोठमोठे दिवे चहच्या कपावर रोखलेले असतील. प्रत्यक्षात कपाच्या समोर जवळजवळ अंधार होता. मुख्य दिवा मागे, किंचित उंचावर. कारण विचाराल तर वाफ. वाफेतले पाण्याचे बारीक कण आपल्यावर पडलेला उजेड बहुतेक पुढच्या बाजूस फेकतात, उगमाकडे फारच थोडा परत पाठवतात. म्हणून समोरून दिवा लावला तर वाफ दिसतच नाही. मागून लावला आणि पार्श्वभूमी काळी ठेवली की कपातून रेशमाचा धागा निघाल्यासारखी दिसते. सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर पातेले उकळत असते तेव्हा हेच होते. आपण पाहतो आणि चहा गाळतो.

नंतर काचेचा पेला आला. काच ही फार अवघड वस्तू. तिला स्वतःचे रूप नाही. ती समोरच्या प्रत्येक गोष्टीचे प्रतिबिंब दाखवते, दिव्याचे, कॅमेऱ्याचे आणि कॅमेरामनच्या टकलाचेसुद्धा. पेला दिसतो तो त्याच्या कडांमुळे. मागे पांढरे असेल तर दोन्ही बाजूंस काळे पुठ्ठे उभे करायचे, म्हणजे कडा काळ्या रेघेने उमटतात. मागे काळे असेल तर पांढरे पुठ्ठे. पेल्यातला चहा लाल दिसावा म्हणून पेल्याच्या मागे, त्याच्याच आकाराचा कापलेला एक चंदेरी कागद लपवला होता. मागून आलेला उजेड त्या कागदावरून पेल्यात शिरत होता आणि चहा माणकासारखा पेटत होता. थर्मोकोलच्या पांढऱ्या पाट्या, काळ्या कापडाचे चौकटी 'कटर', बटर पेपर, कपडे वाळत घालायचे चिमटे, एवढेच त्यांचे हत्यार. आमच्या प्रयोगशाळेपेक्षा सामान काही फार निराळे नव्हते. (चिमटे मात्र त्यांच्याकडे जास्त होते.)

पेल्यात चहा ओतला जातो ते संथ गतीचे दृश्य घ्यायला सारी दुपार गेली. नेहमीच्या गतीऐवजी सेकंदाला दहापट चित्रे घेतली की प्रत्येक चित्राच्या वाट्याला उजेड एक दशांश येतो, म्हणून दिवे दहापट प्रखर हवेत. शिवाय आपली वीज ५० आवर्तनांची, त्यामुळे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला ते कळत नाही, पण इतक्या वेगाने चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याला कळते आणि पडद्यावर चहा लुकलुकू लागतो. त्यावर उपाय म्हणून जाड तारेचे मोठे दिवे लावले होते. जाड तार एका क्षणात थंड होत नाही. मी हे सर्व दहावीच्या मुलांना 'प्रत्यावर्ती विद्युत' या धड्यात सांगतो, आणि त्या दिवसापासून त्या धड्यात कोणी झोपत नाही.

थंड पेयांच्या जाहिरातीत बर्फ बहुधा अ‍ॅक्रिलिकचा असतो, कारण खरा बर्फ दिव्याखाली पाच मिनिटांत वितळून गढूळ होतो. बाटलीवरचे दवबिंदू ग्लिसरीन आणि पाणी यांचे असतात, म्हणजे ते ओघळून न जाता तासन् तास बसून राहतात. घड्याळाचे काटे दहा वाजून दहा मिनिटांच्या आसपास ठेवतात, म्हणजे त्यांच्यामधले कंपनीचे नाव झाकले जात नाही. हे ऐकून एखादा म्हणेल, म्हणजे सगळेच ढोंग! मला तसे वाटत नाही. चहाच्या मागे दिवा लावणे हे लग्नात मुलीला पैठणी नेसवण्यासारखे आहे. कोणी फसत नाही.

मग फसवणूक कोठे सुरू होते? या प्रश्नाचे मला सापडलेले सर्वांत नेमके उत्तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली दिले. दाढीच्या साबणाची एक जाहिरात होती, 'रॅपिड शेव्ह' नावाची. साबण इतका उत्तम की सँडपेपरसुद्धा लगेच तासला जातो, असे पडद्यावर करून दाखवले होते. वस्तुतः तो सँडपेपर नव्हताच; प्लेक्सिग्लासवर वाळू भुरभुरली होती. खरा सँडपेपर तासायचा तर तो सुमारे ८० मिनिटे भिजवावा लागे. कंपनीच्या वकिलांचा युक्तिवाद असा : दिव्याखाली आइस्क्रीम वितळते म्हणून त्याच्या जागी कुस्करलेला बटाटा ठेवतात, मग त्यालाही तुम्ही लबाडी म्हणाल काय? न्यायालयाने भेद केला. बटाटा आइस्क्रीमचा पुरावा म्हणून दाखवलेला नाही. वाळू लावलेली काच मात्र पाहणाऱ्याला 'तुझ्या डोळ्यांनी खात्री करून घे' असे म्हणत होती.

काही वर्षांनी कॅम्पबेल कंपनीच्या सूपच्या चित्रात भांड्याच्या तळाशी काचेच्या गोट्या घालून भाज्या वर आणल्याचे उघडकीस आले, आणि तेही प्रकरण १९७० साली सरकारी आयोगापुढे जाऊन बंद पडले. गोट्या लहान होत्या, पण सूपमध्ये किती भाजी आहे याचा त्या खोटा पुरावा देत होत्या.

शास्त्राचा शिक्षक म्हणून मी हेच जरा निराळ्या शब्दांत सांगतो. जाहिरात गाणे म्हणू शकते, स्वप्न दाखवू शकते. पण तिने एकदा प्रयोगाचा वेष घेतला, 'हे आधी' आणि 'हे नंतर' अशी दोन चित्रे शेजारी ठेवली, की तिला प्रयोगाचे नियम लागू होतात. आणि प्रयोगाचा पहिला नियम हा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. साबणाची परीक्षा असेल तर साबण बदला, दिवा बदलू नका.

याची आठवण सर्वांत जास्त कोठे ठेवायला हवी ते आपल्याला ठाऊक आहे. आपल्या घरांतल्या मुलींच्या चेहऱ्यांच्या बाबतीत.

येथे कॅमेऱ्याच्या इतिहासातला एक प्रकार सांगितला पाहिजे. रंगीत छायाचित्रे छापताना रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना एका गोऱ्या स्त्रीचे चित्र असलेले कार्ड पाठवीत असे. त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. त्या बाईची कांती नीट आली की यंत्र नीट. सावळ्या माणसांचे चेहरे मात्र त्या फिल्मवर काळ्या डागासारखे येत, डोळे आणि दात तेवढे दिसत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी हा इतिहास तपशिलाने लिहिला आहे. त्यांच्या संशोधनावरून दिसते की फिल्मची तपकिरी छटा सुधारण्यास जोर आला तो १९६० आणि १९७० च्या दशकांत लाकडी सामान आणि चॉकलेट विकणाऱ्यांनी तक्रारी केल्या म्हणून. सागवान आणि शिसम जाहिरातीत सारखेच दिसतात, ही त्यांची हरकत होती! कोट्यवधी माणसांच्या कातडीची दाद लागली ती कपाटाच्या निमित्ताने.

आपल्याकडे गोरेपणाचे मलम १९७५ पासून मोठ्या प्रमाणावर विकले जाऊ लागले. त्या प्रसिद्ध मलमाच्या नावातला 'फेअर' हा शब्द २०२० साली काढण्यात आला. मलमाच्या गुणावगुणांवर मी बोलणार नाही, तो वैद्यांचा प्रांत आहे. मी दिव्याचे बोलतो.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गात मी एक प्रयोग केला. एका मुलीची आणि तिच्या आईची परवानगी घेऊन तिला स्टुलावर बसवले. कॅमेऱ्याची सर्व मापे कायम केली. पहिल्या चित्रासाठी खिडक्या बंद केल्या, डोक्यावरची ट्यूब तेवढी ठेवली, आणि दोन्ही गालांजवळ काळे कापड धरले. काळे कापड परतणारा उजेड गिळते. दुसऱ्या चित्रासाठी खिडकी उघडली, तिच्यावर पांढरी चादर टांगली, मुलीचे तोंड खिडकीकडे केले आणि हनुवटीखाली थर्मोकोलची पाटी धरली. दोन चित्रांत पंचवीस मिनिटांचे अंतर. तोंडावर पाण्याचा थेंबही लावलेला नव्हता. दोन्ही छापून फळ्यावर लावली तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. पहिल्या चित्रात डोळ्यांखाली काळी वर्तुळे, कपाळावर पुटकुळ्या, रंग राखेसारखा. दुसऱ्यात यांतले काहीही नाही. पुटकुळ्या गेल्या नव्हत्या, फक्त त्यांच्या सावल्या गेल्या होत्या. मुलगी बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "सर, म्हणजे पहिलीही मीच ना?"

मला एकदम उत्तर सुचले नाही. पहिले चित्र जास्त खरे आणि दुसरे कमी, असे म्हणणे शास्त्राला धरून होत नाही. दोन्ही दिव्यांनी आपापले काम केले होते. खोटे काही असेल तर ते दोन चित्रांच्या मधल्या रिकाम्या जागेत, जेथे जाहिरातवाला मलमाची डबी ठेवतो. मी तिला एवढेच सांगितले की दोन्हींत तूच आहेस आणि दोन्हींत मीच दिवा धरला आहे. दुसऱ्या दिवशी एक बाई शाळेत आल्या आणि दबक्या आवाजात विचारू लागल्या, "मास्तर, त्या मुलीला तुम्ही कोणते मलम लावलेत?" त्यांना खिडकी दाखवली.

याविषयी आपल्या देशात नियम झालेले आहेत. जाहिरातदारांनी स्वतःच १९८५ साली स्थापन केलेल्या मानक परिषदेने २०१४ साली गोरेपणाच्या मालासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. वर्णावरून कोणाला कमी लेखू नये, आणि माल वापरण्याआधीचा चेहरा दुःखी वा कुरूप दाखवू नये, असे त्यांत आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल दहा लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. दंड होतो तो मालवाल्याला, जाहिरात करणाऱ्याला किंवा शिफारस करणाऱ्या नटाला. दिवा लावणाऱ्याचे नाव त्यात कोठे नाही. ते योग्यच आहे. पण मग दिवा मागे सरकवायचा की पुढे आणायचा, हा निर्णय त्याच्या एकट्याच्या मनाशी होतो. माझ्या त्या विद्यार्थ्याला मी विचारले, "अशी दोन चित्रे घ्यायला सांगितली तर काय करतोस?" तो म्हणाला, "सर, मी साहाय्यक आहे, दिवा सांगतील तेथे ठेवतो. पण माझ्या नावावर काम मिळू लागले की दोन्ही चित्रांना एकच दिवा ठेवीन, आणि जमत नसेल तर दुसऱ्याला बोलवा म्हणेन." त्याला ते करता येईल की नाही, मी सांगू शकत नाही. घरभाडे मुंबईचे आहे.

म्हणूनच विश्वस्त मंडळींपुढे एक विनंती ठेवतो. आपल्या शिष्यवृत्तीच्या यादीत वैद्यक, स्थापत्य, वाणिज्य, कायदा हे सर्व आहे, छायालेखन नाही. पुण्यास प्रभात कंपनीच्या आवारात १९६० पासून सरकारी चित्रपट संस्था आहे, आणि तेथे पदवीनंतर तीन वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आहे. हा काही उनाड मुलांचा उद्योग नव्हे. त्याला पदार्थविज्ञान लागते, गणित लागते, आणि पाठीत जोर लागतो. मुलींना हे जमेल काय, अशी शंका कोणी काढील. बी. आर. विजयालक्ष्मी यांनी १९८५ साली 'चिन्ना वीडु' या तमिळ चित्रपटाचे छायालेखन स्वतंत्रपणे केले. पुण्याच्याच संस्थेत शिकलेल्या फौजिया फातिमा यांनी २००२ च्या 'मित्र, माय फ्रेंड'चे केले. २०१७ साली तर देशातल्या स्त्री छायालेखकांचा स्वतंत्र संघच उभा राहिला. ज्याने किंवा जिने बिनव्याजी मदतीवर शिक्षण घेतले आहे, ज्याच्या डोक्यावर कर्ज नाही, त्याला 'दुसऱ्याला बोलवा' असे म्हणणे थोडे सोपे जाते. संस्थेच्या पैशाचा असाही एक उपयोग असू शकतो.

चिटणीसांनी घड्याळाकडे पाहण्यास सुरुवात केली आहे. ज्या पालकांना तो दोन चित्रांचा प्रयोग पाहावयाचा असेल, त्यांच्यासाठी दर शनिवारी शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा उघडी ठेवण्यास मुख्याध्यापकांनी संमती दिली आहे. चादर आणि थर्मोकोल आमच्याकडे आहे. काचेचा पेला मात्र घरून आणावा; आमचे दोन फुटले.